खोबणीतली वाटी

"लाकडाशी बोलता तेवढं माणसांशी बोला की हो!"

हा आवाज सुताराच्या कानात अजून तसाच होता. किती वर्षांपूर्वीचा, कुणास ठाऊक. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारत होती आणि रागावताना हसत होती. तो तेव्हा एका फळीवर रंधा मारत होता आणि फळीची समजूत घालत होता, "ये बाई, अशी ये. रुसू नकोस, काही करत नाही मी तुला." बायकोचं ऐकून त्यानं मान वर केली. काहीतरी छान बोलावं असं त्याच्या मनात आलंही. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "चहा झाला का?"

"झाला," ती म्हणाली. "आणि तुमचं बोलूनही झालं वाटतं."

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. पुढे कारखाना, मागे दोन खोल्या, मधल्या दाराला ना कडी ना पडदा, असं ते घर. पूर्वी लाकडाचा भुसा मागे आणि फोडणीचा वास पुढे, अशी दिवसभर ये-जा चालायची. आता भुसा मागे यायचा, पण पुढे जायला काही उरलं नव्हतं. उरली होती ती ठुमकी.

ठुमकी म्हणजे बायकोची कुत्री. तांबूस, बुटकी, एक कान उभा आणि एक आळशी. पिल्लू असताना कुणीतरी कारखान्याच्या दाराशी सोडून गेलं होतं. तिची चाल मोठी गमतीची. चार पावलं सरळ टाकायची, मग मागचा डावा पाय अलगद वर उचलायची, एक उडी मारायची, पाय झटकायची आणि पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागायची. बायकोनं पहिल्याच दिवशी नाव ठेवून टाकलं. बायकोला शब्द जुळवायचा नाद होता. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तिचं काही ना काही चालू असायचं. ठुमकीवरही तिनं जुळवलं होतं:

*बाई ठुमकत चाले, पाय एक अधांतरी*
*जणू विसरलं काही, मागे राहिलं गं घरी*

हे म्हणत ती टाळी वाजवायची आणि ठुमकी आणखी ऐटीत पाय उचलायची. गिऱ्हाइकं खुर्ची बघायला यायची आणि कुत्रीचा नाच बघून जायची.

बायको गेल्यावर लेक आली होती. लेक एका लांबच्या बंदराच्या शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवायची. काही दिवस राहिली, घर आवरलं, आईच्या साड्यांच्या घड्या घातल्या. मग एका दुपारी कारखान्यात येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "बाबा, राहू का मी इथेच?"

सुताराच्या पोटातून 'राहा' हा शब्द निघाला होता. अगदी गळ्यापर्यंत आला होता. पण पोरीची नोकरी, पोरीचं शहर, पोरीचं आयुष्य, असं सगळं मध्ये आडवं आलं, आणि तो म्हणाला, "इथे काय काम आहे तुझं? जा तू."

पोरीनं बापाकडे पाहिलं. मग उठली, बॅग भरली आणि गेली. तेव्हापासून त्यांचं फोनवर बोलणं व्हायचं ते ऊन-पावसाचं आणि जेवणाखाणाचं. सुतार मनातलं मनात ठेवून मूग गिळून बसला होता, आणि पोरीनं तरी काय समजायचं? बापानं जा म्हटलं, ती गेली.

*

एके दिवशी सकाळी ठुमकी कबुतरामागे धावली, लाकडाच्या ढिगावरून खाली उडी मारली आणि किंचाळली. त्यानंतर तो डावा पाय जो वर गेला, तो खाली येईना. सुतारानं काटा शोधला, कुसळ शोधलं, पंजा कोमट पाण्यानं धुतला. दुसऱ्या दिवशीही पाय अधांतरीच. आता ठुमकी नाचत नव्हती. तीन पायांवर उभी राहून नुसती त्याच्याकडे बघत होती. मग त्यानं तिला जुन्या चादरीत गुंडाळलं, लहान मुलासारखं खांद्यावर घेतलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या. बोटं मात्र जुन्या कारागिरासारखी, घाई नसलेली. स्टीलच्या टेबलावर रबरी चटई अंथरलेली, त्यावर ठुमकी आडवी. बाईंनी गुडघा दोन बोटांत धरला, वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला. कुठेतरी आत बारीकसं टक् झालं. ते त्यांच्या बोटांना कळलं आणि सुताराच्या कानांना.

"काका, ही आधीपासून मध्येच पाय उचलून चालायची?"

"हो. तिची चालच तशी. म्हणून तर ठुमकी."

"चाल नव्हती ती." बाई हळू आवाजात म्हणाल्या. "गुडघ्याची वाटी असते ना, तिला वरखाली सरकायला हाडात एक खोबण असते. हिची खोबण जन्मापासूनच उथळ आहे. चालता चालता वाटी खोबणीतून आतल्या बाजूला निसटायची आणि पाय अडकायचा. मग ही उडी मारून, पाय झटकून वाटी जागेवर बसवायची."

सुतार म्हणाला, "म्हणजे ती नाचत नव्हती?"

"नाही."

"आम्ही टाळ्या वाजवायचो."

बाईंनी ठुमकीच्या आळशी कानाला हात लावला. "मग तिला आवडत असणार. दुखलं की घर आनंदी होतं, असं वाटलं असेल तिला. कुत्री दुखणं लपवतात, काका. आणि तुम्ही लोक कौतुक करत होतात, तिला कशाला बोलायचं असेल?"

सुतारानं खाली मान घातली. दुखणं लपवणाऱ्याबद्दल त्याला काही वेगळं सांगायची गरज नव्हती.

"आता हे नवीन दुखणं बघा." बाईंनी एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी, आणि नडगी किंचित पुढे ओढली. ती सरकली. "गुडघ्याच्या आत एक दोरी असते, हाडं एकमेकांवर धरून ठेवणारी. वर्षानुवर्षं वाटी निसटून निसटून ताण आला, आणि परवाच्या उडीत ती तुटली. म्हणून खालचं हाड असं पुढे येतं. आम्ही याला ड्रॉवरच म्हणतो."

"ड्रॉवर?" सुताराच्या भिवया वर चढल्या. "माझा ड्रॉवर इतका हलला असता तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं नसतं, बाई."

डॉक्टरीणबाई मोकळेपणी हसल्या. मग त्यांनी एक कागद ओढला आणि ऑपरेशन काढून दाखवलं. खोबणीवर एक गुळगुळीत थर असतो, तो चौकोनी तुकड्यासकट अलगद उचलायचा, खालचं हाड थोडं कोरायचं आणि तुकडा परत खोलवर बसवायचा. नडगीचं वरचं टोक, जिथे वाटीची शीर बांधलेली असते, ते कापून जरा बाहेरच्या अंगाला सरकवायचं आणि बारीक पिना मारायच्या, म्हणजे वाटी सरळ ओढली जाईल. आणि तुटलेल्या दोरीचं काम करायला बाहेरून जाड नायलॉनचा दोरा.

"वरचा थर टाकून देत नाही ना?" सुतारानं विचारलं.

"छे. तोच तर महत्त्वाचा. तो गेला तर हाडावर हाड घासेल."

"बरोबर," तो म्हणाला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला एखाद्या कामाबद्दल आणखी काही विचारावंसं वाटत होतं.

"माझं काम एका दिवसाचं," बाई म्हणाल्या. "खरं काम पुढचे दोन-अडीच महिने तुमचं. उडी नाही, पळणं नाही, पायरी नाही. छोट्याशा जागेत ठेवायचं. बाहेर नेताना पोटाखाली टॉवेल घालून मागचं अंग उचलून धरायचं. गुळगुळीत फरशीवर अजिबात चालू द्यायचं नाही. घरात आणखी कोण आहे?"

"कोणी नाही." मग थोड्या वेळानं, "लेक आहे. लांब असते."

"बोलवा तिला. एका माणसाचं काम नाही हे."

घरी येऊन सुतार फोनसमोर बसला. इतक्या दिवसांत त्याला लेकीला बोलवायला एकही कारण सापडलं नव्हतं. आता देवानं हातात आयतं दिलं होतं, तरी जीभ उचलेना.

"ठुमकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, दोन माणसं लागतात. तुझं काम असेल तर बघतो मी दुसरं कुणी..."

"दुसरं कुणाला बघणार आहात? रंध्याला?" तिकडून लेक म्हणाली. "येते मी. ती धडपणे चालायला लागेपर्यंत राहते. मग जाईन."

'मग जाईन' हे दोन शब्द फोन ठेवल्यावरही सुताराच्या कानात राहिले. पण आधी 'येते' म्हणाली होती, त्यावर त्यानं समाधान मानलं आणि कामाला लागला.

*

ठुमकीसाठी त्यानं पिंजरा केला. पिंजरा कसला, छोटंसं घरच. आत फिरता येईल पण धावता येणार नाही एवढा. दाराला पितळी बिजागरी, कोपरे गोल केलेले, की कुठे लागायला नको. तळाला सागाची फळी. बाईंनी फरशी नको म्हटलं होतं, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. लाकूड म्हणजे काही फरशी नव्हे. पण उघडं लाकूड तसंच ठेवायचं, तर एखादं कुसळ निघालं आणि पंजात गेलं म्हणजे? आणि हाताखालचं लाकूड पॉलिशशिवाय दारातून बाहेर गेलं नव्हतं कधी. त्यानं घासलं, पॉलिश चढवलं, वाळवलं, पुन्हा घासलं, पुन्हा चढवलं. शेवटी तळात वाकून पाहिलं तर स्वतःचा चेहरा दिसला. त्याला बरं वाटलं.

लेक आली, बॅग खाली ठेवायच्या आधी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, हा पिंजरा आहे की नवरीचा पलंग? मी झोपू का यात?"

"गादी घालायची आहे अजून," सुतार म्हणाला.

"आणि मला विचारलंत का, प्रवास कसा झाला?"

"कसा झाला?"

"आता राहू दे. शिळं झालं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. ठुमकी घरी आली ती अर्धवट शुद्धीत, मागचा पाय भादरलेला, गुडघ्यावर टाक्यांची सरळ रेघ, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. दिव्याची टोपी घातल्यासारखी दिसत होती. लेक तिला म्हणाली, "काय गं, उजेड पाडणार का आता आमच्या घरात?" आणि खरंच पाडला तिनं.

दिवसाला एक चाल आली. सकाळी गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मग पाय हळूच वाकवायचा, सरळ करायचा. मग टॉवेल पोटाखालून घेऊन अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत. टॉवेलची दोन्ही टोकं सुतार धरायचा, दोरी लेक धरायची, आणि मधे ठुमकी दोघांना ओढल्यासारखी चालायची. लेकीच्या सूचना चालूच. "पहिला गिअर. पहिला गिअर म्हटलं ना! बाबा, तुम्ही वळताय, इंडिकेटर कोण देणार? हां, आता हळूच ब्रेक. गाडी पार्क. कर बाई, शू कर, मागे ट्रॅफिक नाही."

"अशीच शिकवतेस का लोकांना?"

"लोकांना शिव्या देते. तुम्ही बाप आहात म्हणून सोडलं."

सुतार हसला. त्याच्या हसण्याचा आवाज त्यालाच नवा वाटला, बंद पडलेल्या घड्याळानं अचानक टोला द्यावा तसा. ओट्यावर दोन कप दिसू लागले. मागच्या खोल्यांतून फोडणीचा वास पुन्हा पुढे येऊ लागला आणि रंधा मारताना त्याच्या नाकात शिरू लागला. लेक कुठे काय आहे ते विचारायची, आणि ती विचारते म्हणून तो मुद्दाम जागा बदलून ठेवायचा.

टाके निघाले. ठुमकी पाय टेकवू लागली. आधी नुसता पंजा जमिनीला लावून बघायची, पाणी गार आहे का बघावं तशी. मग थोडा भार. रोज थोडा जास्त. ती एक पाऊल नीट टाकायची आणि लेक आनंदानं ओरडायची. सुतारही आनंदायचा. पण त्या आनंदाच्या तळाशी एक बारीक कुसळ होतं. हाड भरत होतं, पिना धरून होत्या, आणि लेकीच्या मुक्कामाचे दिवस सरत होते. 'ती धडपणे चालायला लागेपर्यंत.' हाडाला काय घाई आहे, असं एखाद्या दुपारी त्याच्या मनात यायचं. मग त्याची त्यालाच लाज वाटायची आणि तो बर्फाची पिशवी घेऊन पिंजऱ्यापाशी जाऊन बसायचा.

रोज जेवताना लेकीकडे बघून काहीतरी म्हणावं असं वाटायचं. म्हणायचा, "त्या खिडकीचं दार घासतंय, बघतो."

*

एका सकाळी ठुमकीनं गादी ओली केली. लेकीनं गादी काढली, धुतली आणि उन्हात टाकली. सुतार एक खुर्ची पोचवायला गेला होता. परत आला, कारखान्याच्या दारातून नेहमीसारखी शीळ घातली, आणि ठुमकी त्या आवाजाला ताडकन उठली. खाली गादी नव्हती. होतं ते आरशासारखं पॉलिश. मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. ती फसकन पोटावर आपटली आणि किंचाळली. तोच आवाज, कबुतराच्या दिवशीचा.

लेक धावत आली. गुडघ्याला हात लावू देईना ठुमकी. लेकीनं पिंजऱ्याच्या तळावर बोट फिरवलं, मग तळहात, आणि वळून बापाकडे पाहिलं.

"हे काय केलंय तुम्ही?"

"पॉलिश," सुतार म्हणाला.

"पॉलिश! डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? गुळगुळीत नको! आणि तुम्ही आरसा बसवलात तिच्या पायाखाली! एवढी अक्कल असलेला माणूस..." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला ती बरी व्हायला नकोय का, बाबा?"

सुतार पिंजऱ्यापाशी खाली बसला. बोलण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं असं नाही, पण जे होतं ते असं होतं की तोंडातून काढता येईना. त्यानं ठुमकीला चादरीत घेतलं. दोघं दवाखान्यात गेली.

एक्स-रे निघेपर्यंत दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली होती. मधे एक बाई मांजराची टोपली घेऊन येऊन बसली, आणि दोघांनाही हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. पिना जिथल्या तिथे होत्या. सरकवलेलं हाड जागा धरून होतं. वाटी खोबणीत होती.

"मुरगळलंय थोडं, सूज आहे. चार दिवस जास्त विश्रांती, बस." मग त्यांनी विचारलं, "घसरली कशावरून?"

लेक तोंड उघडणार, तेवढ्यात सुतार म्हणाला, "माझ्या पॉलिशवरून. लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून केलं."

बाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या हाताला खडबडीत काही जमतच नाही का?"

"जमवतो," सुतार म्हणाला.

घरी आल्यावर लेकीनं ठुमकीला मांडीवर घेतलं. सुतार सरळ कारखान्यात गेला आणि कानस घेऊन पिंजऱ्यात वाकला. त्या देखण्या तळावर त्यानं कानस ओढली. एकदा उभी, एकदा आडवी. पॉलिशचे पापुद्रे उडाले, सागाची उघडी नस वर आली. असा आवाज त्या कारखान्यात कधी झाला नव्हता. आपल्याच हातानं आपलं काम ओरबाडायचा तो आवाज. लेक दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, पुरे."

"अजून गुळगुळीत आहे कोपऱ्यात."

"गादी मी काढली होती. सांगायचं राहिलं माझं डॉक्टरांना."

"गादी धुवायची असते," सुतार म्हणाला. "तळ गुळगुळीत करायचा नसतो."

मग तो उठला, आत गेला आणि मोठी पेटी उघडली. ही पेटी बायको गेल्यापासून कुणी उघडली नव्हती, आणि लेकीला तिला हात लावायला त्यानं एकदा सरळ मनाई केली होती. आत बायकोनं शिवलेली गोधडी होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यांवर दाट टाके, हात फिरवला तर कणसासारखे बोटांना लागणारे. त्यानं ती नाकापाशी नेली, क्षणभर तशीच धरली, आणि पिंजऱ्यात अंथरून चारी कोपरे खिळ्यांनी पक्के केले.

"आईची?" लेक म्हणाली. "तुम्ही ती मला सुद्धा दिली नव्हती."

"पाय धरून ठेवेल," तो म्हणाला. "टाके दाट आहेत तिचे."

लेक खाली बसली. ठुमकीला गोधडीवर ठेवलं. ठुमकीनं वास घेतला, पुन्हा घेतला, खूप वेळ घेतला. मग एकदम शांत होऊन डोकं टेकलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. बाप-लेक दोघंही तिच्याकडेच बघत राहिली, कारण एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

"मी मघाशी तोंडाला येईल ते बोलले," लेक म्हणाली.

सुतारानं मान हलवली. 'खोटं नव्हतीस बोलत' असं त्याला म्हणायचं होतं. 'अर्धं खरं होतं, पण तिच्या पायामुळे नव्हे, तुझ्यामुळे.' हे सगळं जिभेवर आलं, आणि तो म्हणाला, "हातोडी कुठे ठेवली मी?"

"तुमच्याच हातात आहे, बाबा."

*

गोधडीवर पाय धरला. पुन्हा चालणं सुरू झालं, आधी अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत, मग गल्लीच्या वळणापर्यंत. टॉवेल सुटला. भादरलेल्या जागी तांबूस लव आली. ठुमकी चार पावलं टाकायची, आणि पाचवंही टाकायची. त्या पाचव्या पावलाशी सुताराची नजर अडायची. तिथे उडी नव्हती आता. कुणी टाळी वाजवली असती तरी नव्हती.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी गुडघा हातात घेतला आणि सुताराला म्हणाल्या, "या काका, अंगठा ठेवा इथे. ढकला वाटीला आतल्या बाजूला."

त्यानं हलकेच ढकललं.

"जोरात. घाबरू नका."

वाटी जागची हलली नाही. पाय वाकवला तसा ती खोबणीत वर गेली, सरळ केला तशी खाली आली. अंगठ्याखाली सगळं गुपचूप, बिनआवाजाचं.

"आणि ड्रॉवर?" त्यानं विचारलं.

बाईंनी नडगी ओढून दाखवली. "आता गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखा आहे. हळूहळू धावू द्या तिला. बरी झाली ठुमकी."

"झाली," सुतार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बाईंना वाटलं, आनंदानं. होताही तो आनंदच. त्याच्या बाजूला दुसरं काय होतं ते तो एकटाच जाणत होता.

लेकीनं त्याच दिवशी फोन केला. गाडी शिकवणाऱ्या शाळेची मालकीण रोज विचारत होती. पलीकडचा खणखणीत आवाज बाहेर ऐकू येत होता, "अगं, तुझे शिकाऊ रस्त्यावर मोकाट सुटलेत!" दुसऱ्या दिवशी दुपारची बस ठरली. सकाळभर लेक बॅग भरत होती आणि सुतार काहीबाही दुरुस्त करत होता. खिडकीचं दार घासायचं कधीच थांबलं होतं, तरी त्यानं ते काढून पुन्हा बसवलं.

"बाबा, येते मी."

"बॅगेची चेन बघितलीस? मागच्या वेळी अडकत होती."

"बघितली."

"पाणी घेतलंस?"

"घेतलं. ऑइल पण तपासलंय, हवाही भरलीय." लेक हसली, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "येताय ना स्टॉपपर्यंत? ठुमकीला पण घ्या. तिला निरोप द्यायचाय."

गल्लीतून तिघं चालली. ऊन कोवळं नव्हतं, कडकही नव्हतं. शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं, कुणाच्या तरी गॅलरीतून चादर लोंबत होती. ठुमकी दोघांच्या मधून चालत होती. चारही पंजे पुढेमागे, पुढेमागे, रेषेवर शिवण घालावी तसे. लेक तिच्याकडे बघत होती. अचानक ती गुणगुणली, आईच्या चालीत:

*"बाई ठुमकत चाले, पाय एक अधांतरी..."* आणि थांबली. "आता हे खरं नाही राहिलं, नाही का बाबा? बदलायला हवं. थांबा हं." तिनं बोटांवर ताल धरला.

*"बाई सरळ चालते, चारी पाय भुईवर..."*

"पुढे?" सुतारानं विचारलं.

"पुढचं सुचत नाही. तुम्ही जुळवा."

"मला जुळवता येत नाही. ते तुझ्या आईचं."

स्टॉप आला. बाकावर कुणी नव्हतं. लांब वळणावर बसचं कपाळ दिसलं. लेकीनं खाली वाकून ठुमकीचा आळशी कान कुरवाळला, तिच्या नाकावर नाक टेकलं आणि उभी राहून बॅग खांद्याला लावली.

सुताराच्या तोंडात आलं होतं, 'दार नीट लावून घे रात्री.' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ठुमकी त्याच्या पायाला टेकून उभी राहिली, चारही पायांवर, सगळा भार टाकून. इतकी वर्षं ती पाय झटकून, नाचल्याचा बहाणा करून पुढे जात होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटत होतं, मजेत आहे.

"जुळवता येत नाही मला," तो पुन्हा म्हणाला. "साधं बोलता येईल कदाचित."

लेकीनं मान वळवली. "साधं तर साधं. बोला."

बस जवळ आली होती. इंजिनाचा आवाज वाढत होता, म्हणून त्याला आवाज मोठा करावा लागला. लाकडाशी तो कधी एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता.

"तू हवी असतेस मला इथे. ठुमकी बरी असली तरी. राहा म्हणत नाही मी, तुझं काम आहे तिकडे, ते कर. पण हवी असतेस. त्या दिवशी बाकावर बसून विचारलंस ना, राहू का म्हणून... मी जा म्हणालो. तेव्हाही हवी होतीस गं."